‘नापास’ तारा आणि रंगवलेले आकाश : अवरक्त खगोलशास्त्राविषयीच्या आपल्या लेखनाचे एक परीक्षण

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान दिनानिमित्त आम्ही व्याख्यानास गेलो होतो. विषय होता ‘तारे आणि त्यांचे भाऊबंद’. तपकिरी बटूंची ओळख करून देताना आम्ही नेहमीचे वाक्य वापरले : ‘तपकिरी बटू म्हणजे नापास झालेला तारा.’ सभागृहात हशा पिकला. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, त्याला नापास कुणी केलं? परीक्षा कुणी घेतली?’’ पुन्हा हशा. ‘निसर्गाने’ असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. परतीच्या एस.टी.त मात्र त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. मुलीने थट्टा केली नव्हती. तारा आणि तारा नसलेली वस्तू यांच्यामधली रेषा कुणी आणि कशाच्या आधारे आखली, हेच तिला हवे होते. ते आम्ही तासाभराच्या व्याख्यानात सांगितलेच नव्हते.

घरी आल्यावर आम्ही आमचे जुने लेख काढून वाचले. जोडीला वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतील कात्रणे होती आणि शाळांच्या भिंतींवर दिसणाऱ्या भित्तिपत्रकांवरील मजकूर होता. अवरक्त खगोलशास्त्राविषयी आपण मराठीतून जे लिहितो त्यात चार-पाच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात असे ध्यानात आले. ती वाक्ये धादांत खोटी नाहीत. पण प्रत्येकात अर्धे सत्य आहे आणि उरलेले अर्धे गाळल्यामुळे मुलांच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. त्या वाक्यांचे परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आरोपींच्या पिंजऱ्यात पहिले आम्हीच आहोत, हे आधीच नमूद करतो.

वाक्य पहिले : ‘अवरक्त किरण म्हणजे उष्णतेचे किरण’

या वाक्याचे मूळ १८०० सालच्या एका प्रयोगात आहे. विल्यम हर्शेल यांना सूर्याचे निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून उष्णता कमी-अधिक येते असे जाणवले होते. त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवले. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन आणि तांबड्यात जवळजवळ ७. मग त्यांनी तापमापी तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला. तिथे पारा त्याहूनही अधिक चढला. अदृश्य किरणांचा हा पहिला शोध.

इथपर्यंत आपण सगळे सांगतो. पण पुढे आपण असा निष्कर्ष काढतो की अवरक्त किरणांत उष्णता सर्वांत जास्त असते, म्हणून ते ‘उष्णतेचे किरण’. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि चूक लोलकाच्या स्वभावात दडलेली आहे. लोलक सर्व तरंगलांबींना सारखे पसरत नाही. जांभळा भाग तो ऐसपैस पसरतो, तर तांबडा आणि त्यापलीकडचा भाग दाटीवाटीने बसवतो. त्यामुळे तांबड्यापलीकडे ठेवलेल्या तापमापीच्या फुग्यावर तरंगलांबींचा बराच मोठा पट्टा एकदम पडतो, तर जांभळ्यातल्या फुग्यावर अगदी अरुंद पट्टा पडतो. पारा जास्त चढणारच. सर्व तरंगलांबींना समान पसरणारी विवर्तन जाळी वापरली तर सूर्याच्या ऊर्जेचे शिखर दृश्य प्रकाशातच, ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास सापडते. हर्शेलचे मापन बिनचूक होते. त्याचा अर्थ लावताना उपकरणाचा हिशेब करायला हवा होता. आपण मात्र दोनशे वर्षांनंतरही तो हिशेब मुलांपुढे मांडत नाही.

वस्तुस्थिती अशी की कोणताही प्रकाश शोषला गेला की वस्तू तापते. तो निळा असो, हिरवा असो वा अवरक्त. उलट दूरचित्रवाणीच्या रिमोटमधून अवरक्त किरण निघतात, पण त्या दिव्याला बोट लावले तर चटका बसत नाही. मग उष्णतेचा संबंध येतो कुठे? तो येतो वस्तूच्या तापमानात. प्रत्येक वस्तू प्रारण बाहेर टाकते आणि ते कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असेल हे तिचे तापमान ठरवते. हिशेब सोपा आहे : २९०० या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले की शिखराची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन, म्हणून ०.५ मायक्रोमीटर. ३००० केल्विनचा लाल बटू सुमारे १ मायक्रोमीटर. आपले शरीर ३१० केल्विन, म्हणजे ९.४. गुरूचा उपग्रह युरोपा सुमारे १०० केल्विन, म्हणजे २९. प्लूटो सुमारे ४० केल्विन, म्हणजे ७२ मायक्रोमीटर.

ही मालिका फळ्यावर लिहिली की एक गोष्ट मुलांच्या आपोआप लक्षात येते. अवरक्त खगोलशास्त्र हे मुख्यतः थंड वस्तूंचे शास्त्र आहे! ‘उष्णतेचे किरण’ या शब्दांनी मुलांचे मन नेमके उलट्या दिशेला जाते. दुर्बीण थंड का ठेवावी लागते हेही याच मालिकेतून कळते. जमिनीवरची दुर्बीण, तिचा आरसा, घुमट आणि वरचे वातावरण ही सारी सुमारे २९० केल्विनची. म्हणजे १० मायक्रोमीटरला स्वतःच लखलखणारी. अशा स्थितीत अंधूक तारा शोधणे म्हणजे दिवाळीच्या रोषणाईत काजवा शोधणे. म्हणून २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत ठेवली आहे. तिचा ६.५ मीटरचा आरसा ५० केल्विनच्या आसपास असतो आणि तिचे मध्य-अवरक्त उपकरण तर ७ केल्विनच्याही खाली नेले आहे.

वाक्य दुसरे : ‘अवरक्त दुर्बीण धुळीच्या पलीकडचे पाहते’

हे वाक्य जवळच्या अवरक्तापुरते, म्हणजे साधारण १ ते ३ मायक्रोमीटरपुरते खरे आहे. आंतरतारकीय धुळीचे कण मायक्रोमीटरच्या दशांशाएवढे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्यांच्या आकाराच्या जवळपास असल्याने तो प्रकाश त्यांच्याकडून अडतो आणि विखुरतो. लांब तरंग त्यांना फारसे न जुमानता पुढे जातात. आपल्या दीर्घिकेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो, २.२ मायक्रोमीटरला मात्र दहांतला एक पोहोचतो. या एका फरकामुळे केंद्रापाशी फिरणाऱ्या ताऱ्यांवर दशकानुदशके नजर ठेवता आली. त्यांपैकी एक तारा १६ वर्षांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्याच्या कक्षेवरून मधल्या अदृश्य वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे हे कळले. २०२० च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग याच कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना मिळाला.

पण तरंगलांबी आणखी वाढवत १० ते १०० मायक्रोमीटरपर्यंत नेली तर हीच धूळ अडथळा न राहता स्वतःच दिवा होते. ताऱ्याचा प्रकाश शोषून ती काही दशके केल्विनपर्यंत ‘तापते’ आणि दूरच्या अवरक्तात चमकते. १९८३ च्या जानेवारीत सोडलेल्या ‘आयरास’ या उपग्रहाने द्रवरूप हेलियम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, जवळजवळ सगळे आकाश धुंडाळले. त्यात अभिजित ताऱ्याकडून ६० मायक्रोमीटरला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रारण येताना आढळले. सुमारे ९६०० केल्विनच्या ताऱ्याने इतके दूरचे अवरक्त द्यायला नको. ते येत होते त्याच्याभोवतीच्या थंड धुळीच्या कड्यातून. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहनिर्मितीशी नाते सांगणारे द्रव्य आहे, याचा हा पहिला ठोस पुरावा.

म्हणजे एकीकडे धूळ बाजूला सारून पाहणे, दुसरीकडे धूळच पाहणे. आणि दोन्हींना आपण ‘अवरक्त’ एवढाच एक शब्द वापरतो. दोन मायक्रोमीटर आणि शंभर मायक्रोमीटर यांतले अंतर पटींत मोजले तर जांभळ्या-तांबड्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे. लेखात तरंगलांबी न सांगणे म्हणजे गावाचे नाव न सांगता ‘महाराष्ट्रात पाऊस पडला’ असे म्हणण्यासारखे आहे. कोकणात पडला की माणदेशात, यावरच तर सगळे अवलंबून!

वाक्य तिसरे : ‘दुर्बिणीने टिपलेले हे विलोभनीय रंगीत छायाचित्र पाहा’

१२ जुलै २०२२ रोजी वेब दुर्बिणीची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. त्यातले कॅरिना तेजोमेघाचे चित्र, खाली तांबूस-तपकिरी कडे आणि वर निळे आकाश असलेले, आज अनेक शाळांच्या भिंतींवर आहे. एका शिक्षकमित्राने आम्हाला सांगितले की ते चित्र पाहून एका मुलाने विचारले, ‘‘आपण तिथे गेलो तर असंच दिसेल का?’’ मित्र ‘हो’ म्हणाले. दुसरा मुलगा लगेच म्हणाला, ‘‘छे, हे सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं.’’ यावर काय बोलावे ते मित्रांना सुचेना.

दोन्ही मुले चुकली, पण चूक त्यांची नव्हती. मूळ निवेदनात हे चित्र वेगवेगळ्या अवरक्त गाळण्यांतून घेतलेल्या कृष्णधवल प्रतिमा एकत्र करून बनवले आहे आणि कोणत्या गाळणीला कोणता रंग दिला आहे, याची नोंद असते. आपल्याकडे पुनर्मुद्रण होताना ती नोंद गळते आणि ‘विलोभनीय’ हे विशेषण तेवढे उरते. या चित्रांना ‘खोटे रंग’ म्हणण्याचीही प्रथा आहे. ती त्याहून घातक. रंग खोटे नाहीत, नेमून दिलेले आहेत. सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, सर्वांत लांबीला तांबडा, मधल्यांना मधले असा क्रम राखलेला असतो. आपल्या डोळ्यांना ज्या तरंगलांबी दिसतच नाहीत त्यांचे दृश्य रंगांत केलेले ते भाषांतर आहे. भाषांतर चांगले असू शकते, वाईटही असू शकते. पण म्हणून त्याला कोणी थाप म्हणत नाही.

वर्गात समजावायला आपल्याजवळ उत्तम साधन आहे : प्राकृतिक नकाशा. नकाशात सह्याद्री तपकिरी आणि कोकणपट्टी हिरवी असते. श्रावणात सह्याद्री तपकिरी दिसत नाही हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, आणि तरी नकाशा खोटा आहे असे कोणी म्हणत नाही, कारण कोपऱ्यात सूची असते. अवरक्त चित्राखालील सूची आपण कापून टाकतो आणि मग मुलांनी त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करतो. या चित्रांतल्या ताऱ्यांना दिसणारी सहा मोठी टोके ताऱ्यांची नसतात. ती षटकोनी आरशांच्या कडांमुळे आणि पुढच्या आधारदांड्यांमुळे उमटतात. हे एक वाक्य भित्तिपत्रकावर लिहायला किती जागा लागते?

आम्ही या मुद्द्यावर इतका भर देतो त्याला कारण आहे. ‘असंच दिसतं’ म्हणून ज्याला सांगितले, तो मुलगा पुढे कधीतरी वस्तुस्थिती वाचेल आणि आपल्याला फसवले असे त्याला वाटेल. एकदा असे वाटले की तो चित्रांवरच नव्हे, त्यांच्यामागच्या मापनांवरही अविश्वास दाखवू लागतो. मुलांना भारावून टाकण्याच्या घाईत आपण त्यांचा विश्वास खर्ची घालत आहोत.

वाक्य चौथे : ‘नापास झालेला तारा’

आता आमच्या मूळ अपराधाकडे वळू. १९६०च्या दशकाच्या आरंभी शिव कुमार या भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक गणित मांडले. वायूचा गोळा स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो, आकसताना त्याचा गाभा तापतो आणि पुरेसा तापला की हायड्रोजनचे संमीलन सुरू होते, हा तारा. पण गोळ्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण ७ ते ८ टक्क्यांहून कमी असेल तर गाभा तेवढा तापण्याआधीच आकसणे थांबते. इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ दाबले जात नाहीत. पुंजसिद्धान्तातून येणारा हा दाब तापमान उतरले तरी कमी होत नाही. मग तो गोळा साधारण गुरूएवढ्या आकाराचा होऊन कायमचा निवत राहतो. कुमार यांनी अशा वस्तूंना ‘काळे बटू’ म्हटले होते. ते नाव निवलेल्या श्वेत बटूंसाठीही वापरले जाई, म्हणून १९७५ साली जिल टार्टर यांनी ‘तपकिरी बटू’ हे नाव सुचवले. या वस्तू तपकिरी नाहीत. डोळ्यांना दिसल्याच तर त्या काळपट लाल किंवा किरमिजी दिसाव्यात. नाव म्हणजे त्या वेळी रंग नक्की माहीत नसल्याची कबुली होती.

शोधायला तीस वर्षे लागली. १९९५ साली दोन ठिकाणांहून यशाची वार्ता आली. स्पॅनिश शास्त्रज्ञांनी कृत्तिकांमध्ये ‘टेइडे १’ शोधला. दुसरीकडे कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून काम करणाऱ्या गटाने सुमारे १९ प्रकाशवर्षांवरील ‘ग्लीज २२९’ या लाल बटूशेजारी एक अतिशय अंधूक सोबती टिपला. या गटात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले आणि हुबळीला वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी हे प्रमुख शास्त्रज्ञ होते. तो सोबती लहान तारा नव्हे, हे कशावरून ठरले? त्याच्या अवरक्त वर्णपटात मिथेनचे ठसठशीत शोषणपट्टे होते, जसे गुरूच्या वर्णपटात दिसतात. ताऱ्यांच्या तापमानाला मिथेन टिकत नाही; तिथे कार्बन मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकलेला असतो. मिथेन दिसला याचा अर्थ वस्तू १००० केल्विनच्या आसपास किंवा त्याहून थंड. इतका थंड तारा असूच शकत नाही. निष्कर्षामागची ही साखळी आमच्या व्याख्यानात एक मिनिटही न घेता सांगता आली असती. त्याऐवजी आम्ही विनोद केला.

या कथेचा पुढचा भाग तर त्याहून बोधप्रद आहे. सोबत्याच्या गुरुत्वामुळे मुख्य तारा किती हलतो यावरून अलीकडे सोबत्याचे वस्तुमान काढले गेले. ते गुरूच्या सुमारे ७१ पट भरले. इतक्या जड तपकिरी बटूने या वयात बरेच अधिक तेजस्वी असायला हवे होते. म्हणजे एक तर निवण्याचे गणित चुकले, नाहीतर मापन. २०२४ साली उलगडा झाला : तो एक नव्हेच, दोन आहेत! गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे दोन तपकिरी बटू १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. ३४ अधिक ३८ ही बेरीज मूळ वस्तुमानाशी जुळली आणि तेजाचा हिशेबही बसला. ज्या वस्तूला आम्ही २९ वर्षे ‘निःसंशय सिद्ध झालेला पहिला तपकिरी बटू’ म्हणून एकवचनात सांगत आलो, ती जोडी निघाली. ज्या मापनाने सिद्धान्ताशी भांडण काढले त्यानेच ही वाट दाखवली. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

मग नापास कोण? २०१४ साली केव्हिन लूमन यांनी ‘वाइज’ या अवरक्त उपग्रहाच्या नोंदींतून सूर्यापासून सुमारे साडेसात प्रकाशवर्षांवर एक वस्तू शोधली. तिचे तापमान सुमारे २५० ते २८५ केल्विन आहे. म्हणजे घरच्या फ्रिजच्या आसपास. वस्तुमान गुरूच्या ३ ते १० पट असावे. ड्यूटेरियमचे संमीलन होण्यासाठी गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमान लागते. तेही तिच्याकडे नाही. ती कोणत्याही ताऱ्याभोवती फिरत नाही, म्हणून तिला ग्रह म्हणणे अवघड; ड्यूटेरियम पेटला नाही, म्हणून तपकिरी बटू म्हणतानाही काही जण अडखळतात. निसर्गात वस्तुमानांची सलग मालिका आहे. त्यावर ७५ आणि १३ या खुणा आम्ही केल्या. कारणे भक्कम आहेत, पण खुणा आमच्या आहेत. त्या मुलीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हेच होते : ‘परीक्षा आम्ही घेतली, हायड्रोजन पेटतो का, हा एकच प्रश्न विचारला. त्या गोळ्याला तारा व्हायचे होते असे कोणी सांगितले?’ ज्या सभागृहात दहावीच्या निकालाची धास्ती घेतलेली मुले बसली आहेत तिथे ‘नापास’ हा शब्द हशासाठी वापरू नये, हेही आम्हाला उशिरा सुचले.

वाक्य पाचवे : ‘बर्फाळ जगात जीवसृष्टीची शक्यता’

बर्फाळ उपग्रहांविषयीच्या मथळ्यांत मोजलेले काय आणि तर्काने काढलेले काय, यांची सरमिसळ सर्वांत जास्त असते. युरोपा आणि गॅनिमीड यांच्यावर पाण्याचा बर्फ आहे हे १९७२ साली अवरक्त वर्णपटावरून पक्के झाले. बर्फ १.५ आणि २ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, त्याची ती ओळखखूण. आता वरची मालिका आठवा : युरोपाचे स्वतःचे प्रारण २९ मायक्रोमीटरला शिखर गाठते. मग २ मायक्रोमीटरचा प्रकाश कुणाचा? तो सूर्याचा, बर्फावरून परतलेला आणि बर्फाची सही घेऊन आलेला. १९७६ साली प्लूटोवर मिथेनचा बर्फ सापडला तोही असाच, परावर्तित सूर्यप्रकाशातून.

शनीच्या एन्सेलाडसची गोष्ट याच्या उलट. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवावर २००५ साली कॅसिनी यानाला उबदार भेगा आढळल्या. इथे मोजला होता तो त्याचा स्वतःचा, उष्णतेमुळे निघणारा प्रकाश. वर्तमानपत्रांतून ‘उष्ण पट्टे’ असे छापून आले. नंतरच्या मापनांत त्या भेगांचे तापमान सुमारे १८० केल्विन निघाले, म्हणजे शून्याखाली ९३ अंश सेल्सिअस! शेजारचा बर्फ त्याहून कितीतरी थंड, म्हणून या भेगा ‘उष्ण’. तुलना गाळली की शब्दाचा अर्थच पालटतो.

२०२३ साली वेब दुर्बिणीने युरोपाच्या ‘तारा रेजिओ’ या भागात कार्बन डायऑक्साइड एकवटलेला दाखवला. मोजले ते ४.३ मायक्रोमीटरच्या जवळचे शोषण. तो भाग भूवैज्ञानिकदृष्ट्या तरुण आणि उलथापालथ झालेला आहे, म्हणून हा कार्बन आतल्या सागरातून आला असावा, हा तर्क. चांगला, साधार तर्क. आणि ‘म्हणून तिथे जीव असू शकतील’ ही तिसरी पायरी. तिच्यासाठी या वर्णपटात काहीच मोजलेले नाही. मथळ्यात मात्र तिसरी पायरी पहिल्या ओळीत येते आणि पहिली पायरी शेवटी, जागा उरली तर.

न लिहिलेले वाक्य

एक दोष वाक्यात नाही, मौनात आहे. आपले लेख वाचून मुलांना वाटते की अवरक्त खगोलशास्त्र ही फक्त अमेरिका-युरोपात करायची गोष्ट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून वेळोवेळी वर पाठवली आहे. वातावरणातली बाष्पे हे किरण शोषतात, म्हणून सुमारे तीस किलोमीटर उंची गाठायची. तारे जिथे जन्मतात त्या मेघांचे नकाशे तिने तयार केले. अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण १९९०च्या दशकापासून अवरक्त वेध घेते. लडाखमध्ये हान्ले येथे ४५०० मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेत दोन मीटरची दुर्बीण आहे, आणि तिच्यावर मुंबईत घडवलेले अवरक्त उपकरण बसवले आहे. हे लिहायला आम्ही संशोधकच आळस करतो.

शिक्षकांसाठी तीन प्रश्न

टीका करून थांबणे बरे नव्हे. अवरक्त खगोलशास्त्राची कोणतीही बातमी वर्गात आली की तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. पहिला : कोणत्या तरंगलांबीला पाहिले? दुसरा : तो प्रकाश मूळचा कुणाचा, वस्तूचा स्वतःचा, परावर्तित, की मागून येऊन वाटेत शोषला गेलेला? तिसरा : यात मोजले काय आणि तर्काने काढले काय? बातमीत उत्तरे नसतील तर ‘बातमीत हे दिलेले नाही’ असे मुलांनीच लिहावे. तेही उत्तरच आहे.

प्रयोगही हाताशी आहेत. रिमोटचे बटण दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर पुढच्यातून पाहावा. एकात दिसतो आणि दुसऱ्यात नाही, याचे कारण गाळणी. म्हणजे ‘कोणते उपकरण काय पाहते’ हा धडाही त्यात येतो. हर्शेलचा प्रयोग फुगे काळे केलेल्या तीन तापमापींनी करावा, सूर्याकडे थेट न पाहता. मात्र पारा तांबड्यापलीकडे सर्वाधिक चढला की तिथे तास संपवू नये. तांबड्यापासून पिवळ्यापर्यंतचा पट्टा किती रुंद आणि हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतचा किती, हे पट्टीने मोजायला सांगावे. लोलकाची लबाडी मुले स्वतः पकडतात आणि ती पकडल्याचा त्यांना होणारा आनंद कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा मोठा असतो.

त्या गावी आम्हाला पुन्हा बोलावणे आले आहे. ती मुलगी एव्हाना शाळा सोडून गेली असेल. तरी व्याख्यानाची सुरुवात तिच्या प्रश्नानेच करायची, आणि या वेळी उत्तरासकट, असे आम्ही ठरवले आहे.